बसमध्ये सुचलेली धून

"ही धून मी आधी ऐकेल हाये," राजदीप म्हणाला, आणि लॅबमधले सगळे कहकशांकडे बघायला लागले.

राजदीपला चिडायला कारण होतं. थोड्याच वेळापूर्वी इंद्रजित सरांनी त्याच्या गटाचा प्रोजेक्ट बाजूला काढला होता. यवतमाळच्या त्या कॉलेजात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटानं एक गेम करायचा होता. त्यातले दोन चांगले गेम अमरावतीच्या प्रदर्शनात जाणार होते, आणि त्यांचे व्हिडिओ कॉलेजच्या चॅनेलवर चढणार होते. राजदीपच्या गेममध्ये नाणं उचलल्याची टिंग, उडीचा आवाज, मेल्यावर वाजणारी रडकी पिपाणी, सगळं जुन्या व्हिडिओ गेममधून जसंच्या तसं उचललेलं होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजचा व्हिडिओ असल्याच आवाजांपायी नेटवरून उतरवला गेला होता. तेव्हापासून सर धास्तावले होते.

"पण सर, लय जुने आवाज हायेत ते," राजदीपनं वाद घातला होता. "आन् आमी कुठं विकून राह्यलो? अभ्यासासाठीच तर हाये."

"वर्गात दाखव, कोणी काही म्हणणार नाही," सर म्हणाले होते. "शिकण्या-शिकवण्यात चालून जातं. पण वर्गाबाहेर गेलं, नेटवर चढलं, की गोष्ट वेगळी. जुनं झालं म्हणून मालकी इतक्या लवकर जात नाही. एवढीशी टिंग असली तरी कोणीतरी बसून केलेली आहे ती."

त्यावर राजदीपनं बोट वळवलं ते कहकशांच्या धुनेकडे.

कहकशां काही बोलायच्या आत दीपा उठली. दोघींचा गेम एकच होता. चित्रं आणि प्रोग्रॅम दीपाचा, आवाज कहकशांचे. "ऐकेल हाये तर सांग ना, कुठं ऐकली?"

"ते नाई आठवत. पण ऐकेल हाये."

"आठवत नाई तर चूप बस."

कहकशांनं मोबाइल सरांपुढे ठेवला. त्यातल्या एका अॅपवर चौकोनांत बोटं लावून तिनं धून केली होती. पहिला मोडका प्रयत्न, दुसरा, मग तो बदललेला, असं सगळं त्यात जपून ठेवलेलं होतं. "सर, घाटंजीहून येत होती तेव्हा बसमध्ये सुचली मले," ती म्हणाली. सरांनी सगळे तुकडे ऐकले. "तुझीच आहे, दिसतंच आहे," ते म्हणाले. दोघींचा गेम अमरावतीला जाणार हे नक्की झालं.

गेमचं नाव होतं 'बकरी सुटली'. आठवडी बाजारात एक बकरी दावं तोडून पळते, मेथीच्या जुड्या खाते, चिवड्याच्या पराती उलट्या करते, आणि मागून येणाऱ्या भाजीवाल्यांना चुकवत पुढे जाते. वर्गात ज्यानं ज्यानं खेळून बघितला तो हसला. आणि खेळून झाल्यावरही प्रत्येक जण ती धून गुणगुणत राहिला. टुन टुन टुडुक, टुन टुन टुडुक. कहकशांला त्याचं केवढं सुख होतं! आपण काहीतरी केलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

त्या दिवसापासून मात्र ते सुख नासलं. राजदीप खोटं बोलला असं तिला वाटत होतं. तरी दारव्हा रोडवरच्या खोलीवर परतताना ती धून मनात वाजवायची, थांबायची, पुन्हा वाजवायची. कुठं ऐकली असेल यानं? मेसच्या रांगेत उभी असताना वाजवायची. दीपा म्हणायची, "अवं, त्याचं कायले घेऊन बसली?" ती म्हणायची, "कुठं बसली?" आणि परत तेच.

सुट्टीला ती घाटंजीला घरी गेली. तिचे अब्बा रहमत घराच्या पुढच्या खोलीत पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे, पूर्वी टीव्हीही करायचे. मोठा भाऊ अफरोज बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि दुपारी जेवायला घरी यायचा. अम्मी, म्हणजे जोहराबी, तांदूळ निवडत होती. कहकशांनं तिच्या हातात मोबाइल दिला. घरात हिंदी आणि वऱ्हाडीची मिसळ चालायची. जोहराबीनं बकरीला दोनदा भाजीवाल्याच्या हाती सापडू दिलं आणि ओरडली, "अय्यो, भाग ना गे, मुई!"

अफरोज मोरीत हात धूत होता. हात धुता धुता तो धून गुणगुणायला लागला. मोबाइलमधली धून संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली. अफरोजची संपली नाही. तो पुढे गेला. टुडुक टुडुक टुन, आणि मग खाली उतरत जाणारा एक तुकडा, जो कहकशांनं कधी केलाच नव्हता.

ती उभीच राहिली. "भाईजान, ते काय म्हटलं तुम्ही?"

"काय?"

"पुढचं. आत्ता म्हटलं ते."

अफरोजनं हात झटकले. "आगे का तो ऐसाच है ना. तुझ्या गेममधी नाई का? आगे का कहां गया?"

"कशाच्या पुढचं?"

अफरोज तिच्याकडे बघत राहिला, जणू ती थट्टा करत होती. "अवं, आपला टीव्ही गेम! तो काळा डबा. पिवळ्या कॅसेटवाला. मले वाटलं तू त्यातूनच घेतलं."

पुढच्या खोलीतून अब्बांनी दुजोरा दिला. कोणा गिऱ्हाइकानं तो टीव्ही गेम दुरुस्तीला टाकला होता आणि न्यायला कधी आलाच नाही. दोन-तीन पावसाळे तो घरातच होता. "तू बहोत छोटी थी," जोहराबी म्हणाली. "अफरोज खेले, तू माझ्या मांडीवर. त्याच आवाजावर झोपायची. बंद केला की रडायची."

कहकशांला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ना डबा, ना कॅसेट, ना मांडी. आठवत होती ती बस, खिडकीची खडखडणारी काच, आणि आपोआप, कुठूनशी, अगदी नवी कोरी येणारी धून.

"कुठं हाये तो डबा?"

"भंगारात गेला केव्हाचा."

ती जेवली नाही. अफरोजला जे आठवत होतं ते तिनं काढून घेतलं. डोक्यावर मडकं घेतलेला एक बुटका गडी, शिड्या चढत जाणारा, आणि वरून दगड टाकणारे पक्षी. नाव त्याला माहीत नव्हतं. त्या कॅसेटीवर नावं कुठं धड असायची! अफरोज दुकानात परत गेला आणि ती मोबाइल घेऊन बसली. जगात कोणाकोणाला काय काय छंद असतात. असल्या कॅसेटीतला एकेक गेम खेळून त्याचे व्हिडिओ टाकणारे लोक तिला सापडले. ती एक उघडायची, बंद करायची, दुसरा उघडायची. विमानं, रणगाडे, बदकं. मध्येच उठून अंगणात जायची, माठातलं पाणी प्यायची, पुन्हा येऊन बसायची. मनात दोन गोष्टी एकदमच मागत होती, मडकेवाला सापडू दे आणि सापडू देऊ नको.

ऊन उतरायच्या सुमाराला तो सापडला.

तिची धून थोडी संथ होती. मधले दोन सूर निराळे होते. बाकी सगळं तेच. पुढे अफरोजनं म्हटलेला तुकडा आला, तो खाली उतरत जाणारा, आणि तोही तिला येत होता. पहिल्यांदा ऐकत होती आणि पुढचा सूर कोणता ते तिला आधीच कळत होतं. आपली चोरी पकडली गेली असं तिला वाटलं नाही. आपल्याच घरातून कोणी काहीतरी उचलून नेलंय असं वाटलं.

अफरोजला संध्याकाळी हे कळलं तेव्हा तो हसला. "ती कॅसेटच नकली होती. सगळे गेम इकडून-तिकडून चोरेल. चोरीच्या मालावरची चोरी कोन पकडते?"

"पण ज्यानं पहिल्यांदा केली त्याची तर खरीच हाये ना."

"मग जा, शोध त्याले. बस त्याच्या मांडीवर."

अब्बा म्हणाले, "बेटा, परीक्षा होऊ दे. आपल्या तोंडानं कायले सांगायचं? तूने जान-बूझ के थोड़ी किया."

जाणूनबुजून केलं नाही, हे खरं होतं. पण सरांपुढे, सगळ्या वर्गापुढे "मले सुचली" हे तिनं जाणूनबुजूनच म्हटलं होतं. आता ते म्हणता येत नव्हतं.

यवतमाळला परतताना तिनं ठरवलं, खोलीवर पोचायच्या आत दुसरी धून करायची. म्हणजे दीपाला नुसती वाईट बातमी द्यावी लागणार नाही. तिनं बोटं चौकोनांवर ठेवली. एक धून आली. चांगली होती. मग तिच्या लक्षात आलं की ही नगरपरिषदेच्या कचरागाडीवर वाजणाऱ्या गाण्याची आहे. पुसली. दुसरी केली. ती कुठल्यातरी साबणाच्या जाहिरातीची निघाली. तिसरी कशाची ते ओळखू येईना, आणि तेच जास्त वाईट होतं. कशाची नाही असं कसं म्हणायचं? ती धूनसुद्धा आपण कोणाच्या तरी मांडीवर झोपेत ऐकलेली असेल. बस थांबली, लोक उतरले, चढले. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरी, तब्येत बरी नाई का?" तेव्हा तिला कळलं की आपण मान हलवत, ओठ चावत बसलोय.

दीपा खोलीवर कपडे वाळत घालत होती. फुलसावंगीची दीपा कॉलेजसाठी पहिल्यांदाच घराबाहेर राहिली होती, आणि अमरावतीला जाणार हे तिनं घरी, नातलगांत, शाळेतल्या जुन्या मॅडमना, सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. कहकशांनं आपली आणि मडकेवाल्याची, दोन्ही धुना तिला एकापाठोपाठ ऐकवल्या.

दीपा ओली ओढणी हातात तशीच धरून उभी. "तू शोधलं कायले?"

"मले चैन पडत नव्हतं."

"चैन! सर म्हणाले ना तुझी हाये? मंग तुझी हाये. कोन ऐकते तो मडकेवाला? सांग. आख्ख्या यवतमाळात कोन ऐकते?"

"राजदीप म्हणाला ना ऐकली म्हून."

"राजदीपच्या नादी लागून तू माह्यं वाटोळं करून राह्यली," दीपा म्हणाली आणि ओढणी बादलीत आपटून बाहेर निघून गेली.

त्या रात्री दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सकाळीही नाही. कॉलेजच्या गेटापर्यंत दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालत आल्या. गेटापाशी दीपा थांबली. "सांगायचं असन तर दोघी सांगू," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "एकटी मोठी हरिश्चंद्राची अवलाद होऊ नको."

इंद्रजित सर वह्या तपासत होते. त्यांनी दोन्ही धुना ऐकल्या, परत एकदा ऐकल्या, आणि कपाळावर आठ्या आणल्या. ते खूश वगैरे मुळीच झाले नाहीत. "सारखी आहे, खरं आहे. पण तुमची नावं मी वर पाठवून बसलोय. आता कोणाला काय सांगू?" मग म्हणाले, "दोन सूर वेगळे आहेत. संथही आहे. कदाचित कोणाला ओळखू येणारही नाही."

"मले ओळखू येते, सर," कहकशां म्हणाली.

सरांनी पेन खाली ठेवलं. "उद्या दुपारपर्यंत दुसरी धून आणून द्या. नाहीतर मुका गेम जाईल. मुक्या गेमला कोणी विचारत नाही, सांगून ठेवतो."

लॅबमध्ये दोघी शेजारी बसल्या. कहकशां एकेक करायची आणि पुसायची. दीपाला प्रत्येक चांगली वाटायची. "ही ठेव ना!" "ही कशाची तरी हाये." "कशाची?" "माहीत नाई, पण हाये." असं किती वेळ चाललं. शेवटी कहकशांनं डोकं टेबलावर ठेवलं. "माह्या डोक्यात माह्यं असं काईच नाई, दीपा. सगळं भरेल हाये."

"दे इकडं," दीपा म्हणाली.

दीपाला सूर म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. गावच्या विहारात वंदना सुरू झाली की तिची मोठी बहीण कोपर मारून सांगायची, नुसते ओठ हलव. दीपानं मोबाइल हातात घेतला आणि पडद्यावरच्या बकरीकडे बघत चौकोन दाबत सुटली. बकरी उडी मारते तिथं वर, आपटते तिथं खाली, खाते तिथं एकाच जागी टक टक टक. मग ते वाजवलं.

ते फार वाईट होतं. धून लंगडत होती, मध्येच अडखळत होती, आणि शेवटी पायरी चुकल्यासारखी धाडकन संपत होती.

"असं कोन करन?" दीपा म्हणाली. "अन् केलंच तर ठेवन कायले?"

कहकशांला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मग तिनं धून पुन्हा ऐकली. एक सूर, शेवटून तिसरा, एका घरानं वर घेतला असता तर सगळं सुधारलं असतं. तिचं बोट आपसूक त्या चौकोनाकडे गेलं. आणि थांबलं. कुठं सुधारायचं ते आपल्याला त्या काळ्या डब्यानंच शिकवलं, हे आता तिला ठाऊक होतं. तिनं हात मागे घेतला. तो सूर तसाच राहिला, आणि राहून राहून तिला टोचत राहिला. दीपानं मात्र मांडी ठोकत आपली धून आणखी चारदा वाजवली.

एक काम बाकी होतं. राजदीप तिला सायकल स्टँडजवळ दिसला. हे केल्याशिवाय मनावरचं ओझं उतरणार नव्हतं.

"तू म्हणत होता ते बरोबर होतं," ती म्हणाली. "धून जुन्या गेममधली होती. लहानपणी घरात ऐकली होती, मले याद नव्हतं. आता काढून टाकली."

राजदीपचं तोंड उघडंच राहिलं. "खरंच?"

"तू ऐकली होती ना कुठंतरी? मडकेवाल्या गेममधीच ना?"

राजदीप गाडीच्या किल्लीशी चाळा करायला लागला. "नाई वो. मी काई ऐकेल नव्हतं. माहा गेम काढला म्हून डोकं फिरलं होतं, बोलून गेलो." मग घाईनं म्हणाला, "मले वाटलं तू इसरली असशीन."

ती जागीच उभी राहिली. ते सगळे दिवस, ती मेसची रांग, घाटंजीची दुपार, दीपानं आपटलेली ओढणी, सगळं एका रिकाम्या वाक्यापायी. त्याला काहीतरी सणसणीत बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि बोलता येईना. कारण वाक्य रिकामं असलं तरी धून खरंच दुसऱ्याची होती. राजदीपनं खोटं बोलावं आणि ते खरं निघावं, यात रागवायचं कोणावर? ती तशीच वळली आणि चालायला लागली. मागून तो विचारत होता, "पण मग तू सरले सांगतलं कायले?"

अमरावतीच्या प्रदर्शनात त्यांचं टेबल दाराजवळ लागलं होतं. बकरीची ती लंगडी धून वाजली की येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांचे पाय थांबायचे. एका मुलानं कानावर हात ठेवले आणि तरी खेळत राहिला. तपासायला आलेल्या बाईंनी गेम संपेपर्यंत ऐकलं, मग चष्मा काढून विचारलं, "हे संगीत तुमच्यापैकी कोणाचं?"

"माह्यं," दीपा म्हणाली, इतक्या जोरात की पलीकडच्या टेबलावरच्या पोरांनी वळून पाहिलं.

"कुठून घेतलंय का?"

"नाई मॅडम. घेण्यासारखं असतं तर घेतलं असतं."

बाई हसल्या, काहीतरी लिहून घेतलं आणि पुढे गेल्या.

दोघींना नंबर मिळाला नाही. तिन्ही बक्षिसं दुसऱ्या कॉलेजांना गेली. दीपाचे डोळे भरून आले, पण लगेच तिनं घरी फोन लावला आणि बहिणीला सांगितलं की बक्षीस नाही, पण तिनं केलेलं संगीत मोठ्या मॅडमनी पूर्ण ऐकलं. "हसू नको," ती फोनवर ओरडली. "मी, मीच केलं. तुही शपथ."

कहकशां तिच्या शेजारी पायऱ्यांच्या कठड्याला टेकून उभी होती. समोर लोक टेबलं उचलत होते, वायरी गुंडाळत होते. कठड्याच्या लोखंडावर तिची बोटं वाजत होती. काहीतरी चाललं होतं, हळू, उतरत्या चालीचं, बरंसं. ते लक्षात आल्याबरोबर, कोणाचं ते शोधत न बसता, तिनं हात उचलला आणि ओढणीत गुंडाळून घेतला. बोटं आतल्या आत हलत राहिली.